पोटॅशियमसाठी केलेली नळी

मी एक नळी बोलतेय. नळी म्हटलं की तुम्हाला मोरीतली किंवा गॅसची नळी आठवेल. तसली मी नव्हे. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत माझ्यासारख्या पन्नास हजार जणी शेजारी शेजारी उभ्या राहतील. मला आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जिने मला घडवलं तिनेही नाही. तरीही मी आहे. माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची शिक्षा एका भल्या बाईला भोगावी लागली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म अंबरनाथचा. तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, रंगाच्या एका शेडमागे दुमजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर छोटीशी प्रयोगशाळा. आठ-दहा माणसं, चार टेबलं, एक फ्रीज आणि खिडकीखाली भांडी धुवायचं मोठं सिंक. तिथे पायल नावाची मुलगी काम करते. मुलगी म्हणते मी, पण तिशी ओलांडली आहे तिने. बदलापुरात खरवईला नवी घरं झाली आहेत, तिथे ती आईवडिलांबरोबर राहते आणि स्कूटीवरून रोज येते.

पायलने वर्षभर मला संगणकाच्या पडद्यावर नुसतं काढलं आणि पुसलं. तुमच्या शरीरात जिकडेतिकडे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांना बारीक बारीक दारं असतात. कुठल्या दारातून मिठाचा कण जायचा, कुठल्या दारातून कॅल्शियमचा, हे ठरलेलं असतं. निसर्गाने ती दारं फार गुंतागुंतीची केली आहेत. पायलला तसंच एक दार हाताने करायचं होतं, साधं, सुटसुटीत, आणि त्यातून फक्त पोटॅशियम जावं असं.

म्हणून तिने मला कड्यांनी घडवलं. सहा ऑक्सिजनचं एक कडं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. हातभर बांगड्या एकमेकींना चिकटून बसाव्यात तशी मी. पाण्यात विरघळलेला प्रत्येक कण पाण्याचं पांघरूण गुंडाळून फिरत असतो. माझ्या आत यायचं तर ते पांघरूण बाहेर टाकावं लागतं. पोटॅशियम माझ्या कड्यात नेमका बसतो. सहाही ऑक्सिजन त्याला धरतात, म्हणून तो पांघरूण टाकायला राजी होतो. सोडियम लहान. माझं कडं त्याला ढगळ होतं, चारी बाजूंनी धरायला कुणी पुरत नाही. मग तो पांघरूण कशाला टाकेल? तो बाहेरच थांबतो. लहान असून त्याला आत येता येत नाही आणि मोठा असून पोटॅशियमला येता येतं, ही सगळी पायलची हुशारी.

हे सगळं कशासाठी? ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात त्यांच्या अंगात पोटॅशियम साठत जातं. ते फार वाढलं तर हृदयाचा ठोका चुकतो. कमी झालं तरी चुकतो. म्हणून सारखं रक्त काढून तपासावं लागतं. पायलच्या मनात होतं की पत्त्याएवढं एक कार्ड करायचं, त्याच्या मधोमध मसुराएवढा पापुद्रा, पापुद्र्यात आम्ही लाखोजणी. त्यावर थुंकीचा एक थेंब टाकायचा, कार्ड छोट्या यंत्रात खोचायचं, की आकडा येणार. सुई नाही, दवाखान्याची रांग नाही.

आम्ही सगळ्या एकाच साच्यातल्या. एकीला जे कळतं ते सगळ्यांना कळतं, म्हणून मी 'मी' म्हणते. टेबलावरच्या पेल्यात होते तीही मी आणि कार्डावर होते तीही मी.

माझी पहिली ओळख पायलशी आणि दुसरी गयाबाईंशी. गयाबाई तिथे काचेची भांडी धुवायच्या. बुवापाड्याला राहतात, पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. धुतलेला प्रत्येक पेला खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या आणि पसंत पडला तरच पालथा घालायच्या. मला पहिल्यांदा पापुद्र्यात बसवलं त्या दिवशी त्या पदराला हात पुसत टेबलाशी आल्या.

"मॅडम, ह्याच्यात तर काय बी दिसत न्हाई."

"दिसणार नाहीच मावशी. फार बारीक आहे ती."

"मग ती हाय कशावरनं?"

पायल हसली. "हा आकडा हलतो ना, त्याच्यावरून."

"आमच्या ह्यांचं बी तसंच की. आत काय चाललंय ते आकड्यावरनंच कळायचं. मानूस चांगला बसून गप्पा मारतोय, आन आकडा म्हनतो, चला दवाखान्यात."

गयाबाईंचे यजमान हिंदुराव. पूर्वी काडेपेटीच्या कारखान्यात होते. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला डायलिसिसला जातात. पायलने तेव्हाच शब्द दिला, "पहिलं कार्ड काकांना, मावशी." गयाबाईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझा पेला त्या सगळ्यांत शेवटी, नव्या पाण्याने धुवू लागल्या.

मी चांगलं काम करत होते. सोडियमचं पाणी ओतलं की आकडा शून्याला चिकटून राही. त्यात चिमूटभर पोटॅशियम टाकलं की सरसर चढे. प्रयोगशाळेचे मुख्य अनीश सर, उल्हासनगरचेच. ते येऊन बघत आणि म्हणत, "क्या बात है पायल! एकदम गेटकीपर!" मला भारी वाटायचं. माझं चुकलं ते इथेच. मला माझी एक गोष्ट ठाऊक होती आणि तरी मी फुलून जात होते.

ती गोष्ट अशी. अमोनियम म्हणून आणखी एक कण असतो. मापाने जवळजवळ पोटॅशियमएवढाच. मिठाच्या एका जुन्या बाटलीत तो अगदी थोडासा होता. एकदा तो माझ्या दाराशी आला, पांघरूण टाकलं आणि माझ्यातून सरळ पलीकडे गेला. मला काहीसुद्धा खटकलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. ते इतके थोडे होते की आकड्यात दिसलेही नाहीत. मला मात्र कळलं की मला दोघांतला फरक कळत नाही.

पायलच्या भिंतीवर यादी होती, मला कुणाकुणापुढे तपासायचं त्याची. सोडियम, लिथियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि सगळ्यांत खाली अमोनियम. वरच्या सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. शेवटचं राहिलं होतं. तिने विचारलंही.

"सर, अमोनियम करून घेऊ का? दोन दिवस लागतील."

"अरे यार, ते नंतर कर ना. शनिवारी पुण्याचे पाहुणे येतायत, पैसे लावायचे की नाही ते ठरवायला. त्यांना सोडियम आणि पोटॅशियम दाखव, बस. बाकी बाद में."

पायलने "हो सर" म्हटलं. मला वाटलं, आपण दोघी सुटलो.

त्या आठवड्यात बाहेर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. गुरुवारी पाइप फुटला आणि नळाला चहासारखं पाणी आलं. पाणी शुद्ध करायचं प्रयोगशाळेचं यंत्र त्या गाळाने चोंदलं. मेकॅनिक म्हणाला, सोमवारी येतो. हे सगळं अनीश सरांना माहीत होतं, गयाबाईंना माहीत होतं. पायल त्या दिवशी मुंबईला सामान आणायला गेली होती. तिला कुणी सांगितलं नाही.

गयाबाईंना वाटलं, परवा पाहुणे येणार आणि भांडी घाण पाण्यात कशी धुवायची? घरी गढूळ पाणी आलं की त्या जे करत तेच त्यांनी केलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत जाऊन नाक्यावरच्या दुकानातून तुरटीचा चांगला मुठीएवढा खडा आणला. निळ्या पिंपात पाणी भरलं, कोपरापर्यंत हात घालून तो खडा गोल गोल फिरवला. कमी पडायला नको म्हणून जरा जास्तच फिरवला. संध्याकाळपर्यंत गाळ तळाला बसला. वरचं पाणी त्यांनी फडक्यातून गाळलं, पेल्यात घेऊन उजेडात धरलं. काचेसारखं स्वच्छ. त्या पाण्याने सगळी भांडी धुतली आणि पायलच्या टेबलावरचा शुद्ध पाण्याचा कॅन रिकामा होता, तोही त्यातूनच भरून ठेवला. पायलला उद्या लागेल म्हणून. मनापासून.

शुक्रवारी पायलने भरलेला कॅन पाहिला आणि त्यातल्याच पाण्यात शनिवारचं सोडियमचं पाणी बनवलं. तिनेही काही विचारलं नाही.

शनिवारी पाहुणे आले. तिघे जण. चहा झाला. पायल साडी नेसून आली होती. तिने सोडियमचं पाणी माझ्यावर ओतलं आणि म्हणाली, "आता बघा, यात फक्त सोडियम आहे. आकडा हलणार नाही."

त्या पाण्यात तुरटीतला अमोनियम होता. तुरटीचा बाकीचा भाग गाळाबरोबर खाली बसला होता, पण अमोनियम विरघळलेला तसाच राहिला होता. आणि या वेळी तो चार-दोन नव्हता, जथ्याने आला. मी एकालाही अडवलं नाही. आकडा चढायला लागला. पायलने यंत्रावर टिचकी मारली. आकडा आणखी चढला. पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. तिने भांडं बदललं, नवीन पाणी ओतलं. पुन्हा तेच.

"होतं असं कधी कधी," पाहुणे म्हणाले. "आम्ही कळवतो." ती मंडळी बिस्किटं तशीच ठेवून उठली.

दार लागल्यावर अनीश सर खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच विचारलं, "पाणी कुठलं होतं?"

"कॅनमधलं," पायल म्हणाली.

"पाण्याचं यंत्र तर बंद आहे! कॅन कुणी भरला?"

सिंकपाशी गयाबाई होत्या. त्या पुढे आल्या. कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. "मी भरला साहेब. पानी लई गढूळ व्हतं, म्हनून तुरटी फिरवली."

"तुरटी?" अनीश सरांनी कपाळावर हात मारला. "गयाबाई, तुरटी म्हणजे पोटॅश! पोटॅशियम असतं त्यात! तीन साल का काम, तीन साल! आणि तुम्ही त्यात पोटॅशियम ओतून मोकळ्या झालात!"

"आमी घरी हेच पानी पितो, साहेब."

"हे तुमच्या घरचं मडकं नाहीये! कळत नाही तर हात कशाला लावायचा? अडाणीपणाची पण काही हद असते की नाही?"

सगळे ऐकत होते. गयाबाईंनी पायलकडे पाहिलं. पायल पडद्यावरच्या आलेखाकडे बघत राहिली.

"सोमवारपासून येऊ नका," अनीश सर म्हणाले.

गयाबाईंनी सिंकमध्ये राहिलेली चार भांडी धुतली. हातमोजे काढले, तेही धुतले, वाळायला नळावर उलटे घातले आणि पिशवी घेऊन गेल्या.

मी तिथेच होते, पेल्यातल्या पापुद्र्यात. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते की तिचं पाणी चुकलं असेल, पण खोटं मी बोलले. माझ्याकडे बोलायला एक आकडाच. तोच तर मी चुकीचा सांगितला होता.

सोमवारी पाण्याचं यंत्र दुरुस्त झालं. नवीन पाण्यात पायलने पुन्हा सगळं करून पाहिलं. आकडा शून्याला चिकटून बसला. अनीश सर खूश झाले. पाहुण्यांना नवे आलेख पाठवले, वर लिहिलं की त्या दिवशी धुण्यात चूक झाली होती. पाहुणेही समजूतदार, ते पुन्हा यायला तयार झाले.

मंगळवारी पायल सिंकपाशी हात धुवायला गेली, तर तिला खिडकीच्या कठड्यावर तुरटीचा उरलेला खडा दिसला. फेकायला म्हणून तिने उचलला. मग तशीच थांबली. काय वाटलं तिला कोण जाणे. तिने त्यातला तुकडा फोडून परीक्षानळीत घातला, कॉस्टिक सोड्याचं पाणी टाकलं आणि नळी जराशी गरम केली. झण्णकन वास आला. तिचे डोळे चुरचुरले. तो अमोनियाचा वास होता. बाजारात तुरटी दोन प्रकारची मिळते, एकीत पोटॅशियम असतं, दुसरीत त्याच्या जागी अमोनियम. दिसायला दोन्ही सारख्याच. गयाबाईंच्या खड्यात पोटॅशियम नव्हतंच.

पायलने खिडकी उघडली. मग कपाटातून अमोनियमच्या क्षाराची बाटली काढली, शुद्ध पाण्यात त्याचे चार कण टाकले आणि ते पाणी माझ्यावर ओतलं. आकडा चढला. तिने भांडं बदललं, पुन्हा ओतलं. पाच वेळा. पाचही वेळा मी त्यांना जाऊ दिलं.

तिने तुरटीचा खडा कागदात गुंडाळून खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं.

मला वाटलं, आता ती जाऊन सांगेल. ती दोनदा अनीश सरांच्या दारापर्यंत गेलीही. एकदा ते फोनवर पाहुण्यांशी बोलत होते. दुसऱ्यांदा तेच म्हणाले, "काय पायल, पेढे कधी?" ती परत आली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एक दिवस ती माझ्या पेल्याकडे बघत पुटपुटली, "तू असं का केलंस गं?" त्याला मी काय उत्तर देणार? ती गप्प होती, मीही गप्प होते. आमच्या दोघींच्या गप्प बसण्याचे अकरा दिवस झाले.

बाराव्या दिवशी, शनिवारी, गयाबाईंचा फोन आला. पायलने तो टेबलावर ठेवून स्पीकरवर घेतला, कारण तिचे हात ओले होते.

"मॅडम, मी गयाबाई. रागावू नका हां. कार्ड झालं का तेवढं इचारायचं व्हतं. ह्यांना केळं खायचं मन झालंय. डॉक्टर म्हनतात पोटॅशियम बघून खा. आता केळ्यासाठी कुठं रक्त काढत बसायचं?"

पायलने ओले हात पुसले. मग म्हणाली, "उद्या येते मावशी. घरीच येते."

ती खरं सांगायलाच गेली होती, हे मला माहीत आहे. मी तिच्या पर्समध्ये होते, छोट्या यंत्रात खोचलेल्या कार्डावर. कार्ड का घेतलं तिने? वाटलं असेल, निदान दाखवता येईल. किंवा वाटलं असेल, हिंदुरावांच्या थुंकीत कदाचित काही होणार नाही. अपराधी माणूस असल्या भाबड्या आशेला धरून राहतो. मी तरी कुठे वेगळी होते.

बुवापाड्यात विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली. दारात लखलखीत घासलेली भांडी. हिंदुराव पलंगावर बसले होते, हाताला कालच्या डायलिसिसची पट्टी. पायलला बघून म्हणाले, "या मॅडम! हिनं तुमचं लई नुकसान केलं म्हनं. घरी बी माझं असंच करती."

"गप बसा वो," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी पायलला पाणी दिलं. "पिऊन बघा, बाटलीतलं हाय. तुरटीचं न्हाई."

पायलने ते तसंच बाजूला ठेवलं. तिला बोलायचं होतं, पण गयाबाईंनी पर्समधून डोकावणारं कार्ड पाहिलं. "हेच का ते? आना इकडं." आणि कार्ड हिंदुरावांच्या तोंडाशी गेलंही. पायल "मावशी, जरा..." एवढंच म्हणाली.

थुंकीचा थेंब माझ्यावर पडला. किडनीच्या आजारी माणसाच्या थुंकीत युरिया फार असतो आणि तोंडातल्या तोंडात त्याचा अमोनिया होतो. त्या थेंबात पोटॅशियम होता, आणि त्याच्यामागून अमोनियमची ही झुंबड. मी दार उघडं टाकून उभी. यंत्रावर आकडा आला सहा पूर्णांक नऊ.

गयाबाई ओरडल्या, "सात! अवो, कालच तर धुऊन काढलंय रक्त!" डॉक्टरांनी एक पुडी देऊन ठेवली होती. पोटॅशियम सहाच्या वर गेलं तर पाण्यातून द्यायची, आणि दवाखाना गाठायचा. ती त्यांनी फळीवरून काढली, पेल्यात ओतली, चमचा फिरवायलाही लागल्या. "घ्या, घ्या आधी. मग रिक्षा बघते."

कालच्या डायलिसिसने त्यांचं पोटॅशियम आधीच खाली आलं होतं. पुडीने ते आणखी खाली गेलं असतं. किती खाली, ते मला विचारू नका.

पायलने गयाबाईंचा हात धरला. पेला हिंदकळला. "देऊ नका मावशी! हे खोटं आहे. कालचा रिपोर्ट कुठाय?"

रिपोर्ट पलंगाखालच्या पिशवीत होता. डायलिसिसनंतरचं पोटॅशियम चार पूर्णांक एक.

"मग ह्यो सात कसला?" हिंदुरावांनी विचारलं.

मग पायलने सांगितलं. सगळं. की तुरटीत पोटॅशियम नव्हतं. की दोष माझ्यात, नळीतच आहे, मावशींच्या पाण्याने तो दाखवला. की काकांच्या थुंकीतही तोच अमोनिया आहे, आणि हे तिने सर्वांत आधी तपासायला हवं होतं.

"म्हंजे माझ्या तोंडात बी तुरटी हाय म्हना की," हिंदुराव म्हणाले.

गयाबाईंनी पेला मोरीत ओतला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कवा कळलं तुमाला?"

"मागच्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी."

"म्हंजे बारा दिस झाले." त्या वळल्या. "बारा दिस मी शेजारनीपाशी बसून सांगतेय, बाई, माझ्या अडानीपनापायी त्या पोरीच्या तीन वर्षांचं वाटोळं झालं. रडले बी एकदा. तुमच्यासाठी."

पायल रडत होती. "परत कामावर या मावशी. मी उद्या सरांशी बोलते."

"कामाचं मागनं बघू. मला सगळ्यांम्होरं बोलले ना? तुमी बी तिथंच व्हता. आता सगळ्यांम्होरं सांगा. आन मी तिथं उभी ऱ्हानार."

सोमवारी दहा वाजता गयाबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि सिंकपाशी उभ्या राहिल्या. कुणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. पायलने सगळ्यांना बोलावलं, अनीश सरांनाही. बोलताना तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. खणातून तिने तो खडा काढला आणि कॉस्टिकची बाटली आणायला वळली, तेवढ्यात गयाबाईंनी कनवटीची डबी पुढे केली.

"चुना चालंल?"

"चालेल."

काचेच्या बशीत पायलने तुरटीची पूड आणि चुना एकत्र केला, पाण्याचा थेंब टाकला, घोटलं आणि बशी अनीश सरांच्या नाकाशी नेली. त्यांनी झटक्यात तोंड मागे घेतलं. बशी सगळ्यांपुढून फिरली. मग पायलने त्यांच्या डोळ्यांदेखत शुद्ध अमोनियमचं पाणी माझ्यावर ओतलं. मी जे करते तेच केलं. आकडा चढला.



"मी पाहुण्यांना काय सांगू?" अनीश सर म्हणाले.

"हेच. मी सांगते सर. मी केलंय ते."

अनीश सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. गयाबाईंसमोर उभे राहिले. "गयाबाई, त्या दिवशी मी फार बोललो. गुस्से में... चूक आमची होती."

"इचारल्याबिगर तुरटी घातली, ती चूक माझीच व्हती," गयाबाई म्हणाल्या. "पन ती मी त्याच मिनिटाला सांगितली व्हती, साहेब."

पायलने मान खाली घातली. अनीश सरांनीही. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती.

पुढचं थोडक्यात सांगते. पुण्याचे पाहुणे परत आले नाहीत. अनीश सर महिनाभर घुश्शात होते, पण पायलला त्यांनी काढलं नाही. ती आता माझ्याहून वेगळी नळी काढतेय, मधलं कडं थोडं आवळून. भिंतीवर नवी यादी आहे आणि तिच्यात पहिलंच नाव अमोनियमचं आहे. गयाबाई परत आल्या, पण आल्या त्या एका बोलीवर की पाणी बदललं, यंत्र बंद पडलं, तर त्यांनाही सांगायचं आणि त्यांच्याकडूनही ऐकायचं. आता सकाळी चहाच्या आधी सगळे जण त्यांच्या सिंकपाशी दोन मिनिटं थांबतात.

मी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे, एका तपकिरी बाटलीत. वरच्या कप्प्यात नव्या नळ्यांच्या बाटल्या येतात, जातात. मला कुणी काढत नाही, टाकूनही देत नाही. पायलने माझ्या बाटलीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'पोटॅशियम जाऊ देते. अमोनियमही जाऊ देते. माणसांसाठी वापरू नये.' माझ्याबद्दल इतकं खरं याआधी कुणी लिहिलं नव्हतं. वाचून वाईट वाटत नाही. उशिरा का होईना, माझ्या वतीने कुणीतरी बोललं.

कधी तुमच्या हाती ती बाटली लागली, तर झाकण उघडायच्या आधी तेवढं वाचा. एवढंच माझं मागणं. हिंदुराव अजूनही आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला जातात, अजूनही त्यांच्या हातावर सुईच्या नव्या खुणा पडतात. त्या थांबवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. माझ्याने ते झालं नाही. जी माझ्या मागून येतेय तिला ते जमो, आणि जमलं नाही तर तिच्याबद्दल कुणी बारा दिवस गप्प न राहो.